धुऱ्यावर मोह आणि नाल्यात अस्वल: देवलापारकडच्या शेतात काय काळजी घ्यावी

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. तुम्ही नागपूरला राहता. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला तुमची शेती आहे. तिच्या एका अंगाला झुडपी जंगल आणि त्यातून उतरणारा नाला आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाची जुनी झाडे आहेत आणि सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला शेतगडी, आपल्या बायकामुलांसह शेतावरच्या खोलीत राहतो. गेल्या पंधरवड्यात दोन वारुळे उकरलेली आढळली आणि एका संध्याकाळी सालदाराच्या बायकोला नाल्यापलीकडे पाठीवर पिले घेतलेली मादी अस्वल दिसली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अस्वल समोर आले तर झाडावर चढावे की गोष्टीतल्यासारखे श्वास रोखून पडून राहावे, फटाके आणि कुत्रे यांचा उपयोग होतो का, आणि वनविभागाला सांगून हे अस्वल पकडून दुसरीकडे नेता येईल का.

पेंच आणि नवेगाव-नागझिरा या भागांतल्या गावांबरोबर मी बरीच वर्षे याच विषयावर काम करतो आहे. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतो, परंतु त्यांच्या मागचा खरा प्रश्न वेगळा आहे असे मला वाटते. अस्वल माणसाच्या मागावर येत नाही, माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. आपल्या भागातले बहुतेक हल्ले दहा-वीस पावलांच्या अंतरावर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसताना, अचानक गाठ पडल्यामुळे होतात. त्यामुळे अस्वल अंगावर आल्यावर काय करायचे याचा विचार जरूर करावा, पण आपल्या आणि त्याच्या वेळा व वाटा एकमेकींत येऊ नयेत याची व्यवस्था त्याहून आधी करावी.

हा प्राणी इतक्या लवकर का बिथरतो हे समजून घेतले तर पुढचे सगळे सल्ले आपोआप पटतात. त्याची नजर आणि कान बेताचे असतात, तो जगतो नाकाच्या भरवशावर. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्ही दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला तुमचा वास लागतो आणि बहुतेकदा तो मुकाट्याने बाजूला होतो. वारा उलटा असेल तर तुम्ही अगदी जवळ जाईपर्यंत त्याला काहीच कळत नाही. त्यातून तो उधई, म्हणजे वाळवी, खात असेल तर विचारूच नका. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून, ओठांची नळी करून, तो वारुळातली उधई जोराने ओढून घेतो, आणि तेव्हा विहिरीतले पाणी संपल्यावर मोटर हवा ओढू लागते तसा आवाज बऱ्याच लांबपर्यंत ऐकू येतो. त्या आवाजात आणि डोके भोकात घातलेल्या अवस्थेत त्याला तुमच्या पावलांची चाहूल लागणार कशी?

दुसरे कारण वाघ हे आहे. हरीण पळून जीव वाचवते. अस्वल तसे करू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वाघाच्या जंगलात राहिलेल्या या प्राण्याने अंगावर आलेल्या संकटाला ओरडत सामोरे जाण्याचीच सवय लावून घेतली आहे. नराचे वजन ८० ते १४५ किलो, मादीचे साधारण ५५ ते ९५ किलो, आणि पुढच्या पंजांना तीन-चार इंच लांबीची वाकडी नखे. ही नखे खणण्यासाठी असली तरी माणसाच्या चेहऱ्यावर ती काय करतात हे ज्याने पाहिले आहे तो अस्वलाला कधी कमी लेखत नाही. छत्तीसगडमधल्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात अस्वलांच्या १३७ हल्ल्यांची नोंद झाली आणि त्यांत ११ माणसे दगावली. म्हणजे बहुतेक जखमी माणसे वाचतात, मात्र जखमा डोके, चेहरा आणि हात यांवर होतात आणि त्यांची किंमत जन्मभर मोजावी लागते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: मादीबरोबर पिले आहेत. आपल्याकडे पिले साधारणपणे हिवाळ्यात, बहुधा दोन, जन्मतात. काही आठवडे गुहेत किंवा नाल्याच्या काठच्या बिळात काढल्यावर ती आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात आणि दीड-दोन वर्षे तिच्याबरोबरच राहतात. अशी मादी सर्वांत धोकादायक असते. शिवाय अस्वल रात्रीच हिंडते असे आपण धरून चालतो ते तिच्याबाबत खरे नाही. वाघ-बिबट्यांची वेळ टाळण्यासाठी पिलांची आई पुष्कळदा दिवसाढवळ्या चरते. तेव्हा ‘सकाळचे दहा वाजले, आता काय भीती’ हा हिशेब तुमच्या नाल्यापाशी चालणार नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. मी तुमचे शेत पाहिलेले नाही, आणि पुढचा सल्ला बराचसा जागेवर अवलंबून आहे. मादी नाल्यातच वस्तीला आहे की रोज दुसरीकडून येते, घाणेरीची झुडपे खोलीपासून किती लांब आहेत, पाण्याची दुसरी सोय जंगलात आहे की नाही, यावर उत्तर बदलते. म्हणून पहिले काम पाहणीचे. ते भर दुपारी, तिघाचौघांनी मिळून, बोलत-बोलत करावे. शक्य तर बीटाच्या, म्हणजे त्या भागातल्या जंगलाच्या, वनरक्षकाला बरोबर घ्यावे. उकरलेल्या वारुळाची माती हाताला ओलसर लागली आणि रंगाने बाजूच्या मातीपेक्षा गडद दिसली, तर उकर ताजी आहे. कडा वाळून पांढरट झाल्या असतील आणि आत कोळ्याचे जाळे असेल, तर जुनी. मागच्या पायाचा ठसा अनवाणी माणसाच्या पावलासारखा दिसतो, फक्त बोटांच्या पुढे, थोडे अंतर सोडून, नखांची टोके मातीत रुतलेली असतात. विष्ठेत बोरांच्या बिया, डोंगळ्यांची काळी टरफले किंवा मोहाच्या फुलांचा चोथा सापडतो. एवढे पाहिले की मादीची वाट कोणती आणि ती कशासाठी येते याचा अंदाज येतो.

आता मोहाविषयी. मोह पडण्याचे दिवस, म्हणजे साधारण मार्चचा मध्य ते एप्रिल, आपल्या भागात सर्वांत जोखमीचे असतात. फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात. ऊन चढले की ती सुकू लागतात, गुरे आणि माकडे येतात, शेजारचा उचलून नेण्याची भीती असते, म्हणून वेचणारी माणसे अंधारातच टोपली घेऊन निघतात. अस्वलही त्याच फुलांसाठी त्याच वेळी त्याच झाडाखाली असते. त्यात वेचणारी बाई खाली वाकलेली, बहुधा एकटी, आवाज न करणारी. हल्ल्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे एकत्र जमलेल्या असतात.

तुमची झाडे धुऱ्यावर, म्हणजे तुमच्याच ताब्यात आहेत, ही जमेची बाजू. सालदाराला स्पष्ट सांगा की पुरते उजाडल्याशिवाय, माणसाचा चेहरा लांबून ओळखू येईपर्यंत, मोहाखाली जायचे नाही. त्यात थोडा मोह जाईल; त्याची भरपाई तुम्ही सालदाराला रोख द्या, कारण मोहाचे पैसे त्याच्या घरचे असतात आणि नुसत्या उपदेशाने कोणी पहाटेचे उत्पन्न सोडत नाही. हा खर्च फार मोठा नसतो आणि माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत याच्याइतका सत्कारणी लागणारा पैसा दुसरा नाही. झाडाखाली जुनी साडी किंवा शेडनेट ताणून बांधली तर फुले एकत्र जमतात, वेचण्याचा वेळ निम्म्याहून कमी होतो आणि खाली वाकून राहणेही टळते. पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची पद्धत मात्र बंद करा. वणवे तिथूनच लागतात. वेचलेला मोह खोलीच्या अंगणात वाळत घालू नका, कारण त्याचा वास अस्वलाला थेट दारापर्यंत आणतो. तो दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी दाराआड, झाकणाच्या कोठीत गेला पाहिजे.

मोह संपतो न संपतो तोच तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो आणि तोच धोका जंगलाच्या आत सरकतो. सालदाराचे कुटुंब पत्ता तोडायला जात असेल तर पाच-सहा जणांच्या टोळीने जावे, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात राहावे आणि नाल्याचे वळण किंवा दाट झुडूप येण्यापूर्वी थांबून मोठ्याने बोलावे. सतत येणारा साधा माणसाचा आवाज पुरतो. गाणी म्हणा, भांडणे उकरून काढा, काहीही चालेल. उद्देश अस्वलाला घाबरवण्याचा नसतो, त्याला आपण येत असल्याचे वेळेवर कळवण्याचा असतो. मोबाईलवर गाणी लावून कानात बोंडे घालून जंगलात शिरणारी तरुण मुले मला अलीकडे दिसतात. त्यांना स्वतःला काही ऐकू येत नाही आणि अस्वलालाही त्यांचे काही ऐकू येत नाही.

खोलीभोवतीची व्यवस्था सोपी आहे, तेव्हा थोडक्यात उरकतो. खोलीपासून निदान तीस-चाळीस पावलांपर्यंतची घाणेरी, म्हणजे आपल्याकडची रायमुनिया, मुळासकट काढा. शौचालय बांधलेले नसेल तर इतर सगळ्या खर्चाच्या आधी ते बांधा, कारण पहाटे डबा घेऊन नाल्याकडे जाणे हे मोहाखाली जाण्याइतकेच धोक्याचे आहे. रात्री जागलीला जाणाऱ्याने जमिनीवर झोपू नये, मचाणावर झोपावे, आणि खाली उतरण्यापूर्वी बॅटरीचा उजेड चहूकडे फिरवून पाहावे. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये. विहिरीला कठडा नसेल तर तो बांधून घ्या. बिनकठड्याच्या विहिरीत अस्वल पडण्याचे प्रकार विदर्भात घडत असतात आणि मग ते पाहायला जमलेली गर्दीच खरे संकट होऊन बसते. तसे झालेच तर गर्दी हटवून वनविभागाला कळवावे. विहिरीत शिडी किंवा जाड बल्ली सोडून माणसे लांब गेली की अस्वल पुष्कळदा स्वतःच वर चढून निघून जाते. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडण्याचा विचारही करू नका. अस्वल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, आहे, त्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे, आणि असल्या तारेने शेजारच्या शेतातली माणसेही मरतात. झटका देऊन सोडणारे सौर कुंपण हा वेगळा प्रकार आहे. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून साहाय्य मिळते, त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

आता समोरासमोर गाठ पडली तर. अस्वल लांब असेल आणि त्याने तुम्हाला पाहिले नसेल, तर आलात त्याच वाटेने शांतपणे परत फिरा. त्याने पाहिले असेल आणि ते मागच्या दोन पायांवर उभे राहिले, तर तो हल्ल्याचा पवित्रा समजू नका. ते वास घेऊन तुम्ही कोण आहात याचा अंदाज घेत असते. अशा वेळी हळू आवाजात बोलत, पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे सरकावे, हातात काठी असल्यास ती पुढे धरावी आणि वाटेत एखादे जाड झाड येत असेल तर ते मध्ये घ्यावे. त्याला निघून जायला मोकळी बाजू राहील याची काळजी घ्यावी. नाला, कुंपण आणि तुम्ही यांच्या बेचक्यात ते सापडले तर तुमच्या अंगावरूनच बाहेर पडेल. दगड मारू नये, पिलांकडे जाऊ नये आणि फोन तर काढूच नये.

पळू नये हे वेगळे सांगायला हवे, कारण पाय आपोआप पळू लागतात. अस्वल दिसायला लदबद असले तरी आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने धावते, आणि पळणारा माणूस ठेचकाळून पडला की नेमका तोंडावर हल्ला होतो. झाडाचेही तसेच. मोहोळासाठी अस्वल स्वतः झाडावर चढते, आणि चार फूट चढलेल्या माणसाचे पाय त्याच्या पंजाच्या टप्प्यातच असतात.

ते खरोखर अंगावर आले, ओरडत आले आणि अंतर उरले नाही, तर पोटावर पालथे पडावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे एकमेकांत गुंफावीत, कोपरे दोन्ही बाजूंनी चेहऱ्यालगत दाबून घ्यावीत आणि तोंड जमिनीकडे ठेवावे. पाठीवर पिशवी असेल तर ती तशीच राहू द्यावी. गोष्टीतल्या मित्राने श्वास रोखला म्हणून अस्वल फसले, असे आपण शाळेत ऐकले. प्रत्यक्षात अस्वलाला फसवण्याचा प्रश्नच नसतो. पडलेला, न हलणारा माणूस त्याच्या दृष्टीने धोका राहत नाही, आणि तुमचा चेहरा, डोळे व मान झाकलेली राहतात, हे या आसनाचे दोन फायदे आहेत. श्वास खुशाल घ्या. अस्वल बाजूला झाले तरी लगेच उठू नका. ते थोड्या अंतरावर उभे राहून पाहत असते आणि हालचाल दिसली की परत येते. ते पुरते निघून गेल्याची खात्री झाल्यावरच उठा. बरोबर आणखी माणसे असतील तर त्यांनी एकत्र येऊन, काठ्या आपटत, एकदम आरडाओरडा करावा. टोळी एकत्र राहिली तर अस्वल बहुधा माघार घेते, आणि पांगली तर एकेकाला गाठते. घरी मोकळ्या अंगणात हे पालथे पडण्याचे आसन सालदाराच्या मुलांसकट सगळ्यांकडून दोन-तीनदा करून घ्या. लोक हसतात, हसू द्या. आयत्या वेळी डोके चालत नाही, शरीराला सवय असेल तेवढेच घडते.

कुत्र्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंगणात बांधलेला कुत्रा उपयोगी, कारण तो भुंकून सूचना देतो. जंगलात बरोबर नेलेला मोकळा कुत्रा घातक, कारण तो अस्वलावर धावून जातो, ते उलटले की शेपूट घालून मालकाकडे पळत येतो आणि अस्वलालाही मागोमाग घेऊन येतो. फटाक्यांचेही असेच काहीसे आहे. खोलीच्या दारातून, अस्वल उघड्यावर दिसत असताना आणि त्याची जायची बाजू मोकळी असताना, एखादा फटाका काम करतो. ते कुठे आहे हे ठाऊक नसताना नाल्यात फटाके टाकले तर ते घाबरून कोणत्या बाजूला सुटेल हे सांगता येत नाही, आणि त्या बाजूला तुमचा शेजारी गुरे चारत असू शकतो. रोज वाजवले तर त्याला त्याची सवयही होते.

पकडून नेण्याबद्दल: अनुसूची १ मधला प्राणी पकडण्यासाठी कायद्याच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, आणि तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाल्याची त्यांची खात्री व्हावी लागते. तुमच्या मादीने अद्याप कोणालाही इजा केलेली नाही, तेव्हा तसा आदेश मिळेल असे मला वाटत नाही, आणि मिळू नये असेही वाटते. पिलांसह मादी पकडण्यात तिघांचाही जीव धोक्यात येतो, अनोळखी जंगलात सोडलेला प्राणी परतण्याच्या धडपडीत दुसऱ्याच गावाला त्रास देतो, आणि वारुळे, मोह व पाणी जागच्या जागी असताना रिकामी झालेली जागा दुसरे अस्वल घेते.

याच्या उलट टोकाचा मोहही टाळावा. छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात बागबाहराजवळच्या घुंचापाली येथील चंडी मातेच्या मंदिरात अस्वले प्रसाद खायला येतात, त्याच्या चित्रफिती तुमच्याकडे कोणी ना कोणी पाठवल्या असतीलच. त्या पाहून शेतावर गूळ किंवा केळी ठेवणारे हौशी लोक मला भेटले आहेत. माणसाच्या हातचे खायला शिकलेले अस्वल माणसापासूनचे अंतर सोडून देते, आणि तुमची सगळी सुरक्षा त्या अंतरावरच उभी आहे.

शेवटी, दुर्दैवाने कोणी जखमी झालेच तर. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी. चेहऱ्याची किंवा टाळूची कातडी लोंबत असेल तर ती कापू नये. जागेवर बसवून वर ओले स्वच्छ फडके ठेवावे. तोंडात रक्त येत असेल तर जखमीला उताणे न झोपवता पुढे झुकवून बसवावे, नाहीतर रक्त श्वासनलिकेत जाते. हळद, चुना, राख काहीही लावू नये. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार झाले की चेहऱ्याच्या जखमांसाठी नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रेबीजची लस, खोल जखमेत सीरमसह, यांची आठवण नातेवाइकांनीच डॉक्टरांना करून द्यावी. अस्वलाच्या चाव्यानंतर टाके घालण्याच्या गडबडीत ती राहून जाते असे मी पाहिले आहे. त्याच वेळी कोणीतरी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर किंवा वनरक्षकाला कळवावे. शासनाकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्यासाठी घटनास्थळाचा पंचनामा आणि सरकारी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, आणि माणसांच्या गर्दीने पायाखाली तुडवलेल्या जागेवर अस्वलाचे ठसे उरत नाहीत. म्हणून जागा कोणी तुडवू नये, दोन फोटो काढून ठेवावेत आणि ठशांवर टोपले किंवा घमेले पालथे घालून वनरक्षक येईपर्यंत ते झाकून ठेवावेत.